दुसऱ्या मजल्यावरची ओल

आमच्या डोंबिवलीच्या घरात बेडरूमच्या छताला, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक डाग होता. बाबा त्याला श्रीलंका म्हणायचे. मृगाच्या पावसात तो तेवढासाच असायचा, गणपती येईपर्यंत त्याचा ऑस्ट्रेलिया व्हायचा आणि दिवाळीच्या आधी रंगारी येऊन त्यावर हात फिरवून जायचा. त्याच कोपऱ्यात खाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागलेला, म्हणजे ओलीने पांढरे क्षार फुटून आलेले. तिथे कपाट सरकवून ठेवलं होतं. कपाटाच्या मागच्या फळीला बुरशी आली म्हणून आईने एकदा कपाट बदललं. भिंत तशीच राहिली.

दोन्हींचं खापर वरच्या काकांवर फुटलेलं होतं. त्यांची बाथरूम आमच्या बाथरूमच्या बरोबर वर, म्हणजे पाणी तिथूनच येणार, यात आमच्याकडे कोणाला शंका नव्हती. २००९ च्या पावसाळ्यात बाबा वर जाऊन बोलले. काकांनी कुरकुर केली, पण पुढच्या उन्हाळ्यात चाळीस हजार रुपये घालून अख्खी बाथरूम फोडून नवी केली. जूनमध्ये श्रीलंका पुन्हा हजर. बाबा म्हणाले, स्वस्तातला माणूस आणला असेल. काका म्हणाले, यापुढे माझ्या दारात येऊ नका. त्यानंतर दोन्ही घरांतली फराळाची ताटं थांबली. जिन्यात गाठ पडली तर आई आणि काकू एकमेकींकडे बघून ओझरतं हसायच्या, पुरुष तेवढंही करत नसत. बाबा २०१५ मध्ये गेले, काका करोनात गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आईही गेली आणि घराला कुलूप लागलं.

मी ठाण्यात, धाकटा भाऊ बेंगळुरूला. बंद घराचा मेन्टेनन्स, घरपट्टी आणि लाइटबिल भरायला दर महिन्याला मी अर्ध्या तासाची लोकल पकडून जायचे, खिडक्या उघडायचे, तासभर बसायचे आणि डोकं जड करून परत यायचे. विकायचं ठरवायला आम्हाला सहा महिने लागले.

तिथे पहिली चूक माझी. एजंट म्हणाला, "मॅडम, रंग मारून घ्या आणि मार्चमध्ये दाखवू. पावसाळ्यात घर दाखवायचं नसतं." रंगाऱ्याने त्याहून पुढचा सल्ला दिला. लोण्याचे पोपडे खरवडू, लांबी म्हणजे पुट्टी भरू, दोन हात प्रायमर आणि वर चांगला रंग, दिवाळीपर्यंत कोणाच्या बापाला कळणार नाही. मी ऐकलं. अडतीस हजार रुपये गेले. घर खरोखर छान दिसायला लागलं, मलाही क्षणभर वाटलं की ओल गेलीच असेल. मार्च-एप्रिलमध्ये सात-आठ जण बघून गेले. भाव पाडून मागत होते, म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबता थांबता जुलै उजाडला.

जुलैत एक निवृत्त गृहस्थ मुलासाठी घर बघायला आले. आधी ते गॅलरीत उभे राहिले, संडासात फ्लश ओढून बघितला, मग बेडरूममध्ये येऊन भिंतीवर अंगठा दाबला. रंगाचा फुगा आला होता, तो फुटला आणि त्यातून चमचाभर पाणी त्यांच्या मनगटावर ओघळलं. ते रागावले नाहीत. रुमालाने हात पुसत म्हणाले, "जुनी बिल्डिंग आहे, ओल असायचीच. पण ताई, आधी सांगायचं ना." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विषय बदलावा म्हणून मी बाबांची फाईल त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी तीही तशीच तपासली. पहिलंच पान उलटून म्हणाले, "हे ॲग्रीमेंट रजिस्टर नाहीये."

मला आणि भावाला, दोघांनाही हे माहीत नव्हतं. बाबांची फाईल म्हणजे आमच्याकडे वेदवाक्य. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, लाल नाडीने बांधलेली, पहिल्या हप्त्याच्या पावतीपासून सगळं तारीखवार लावलेलं. पण १९८७ मध्ये बिल्डरबरोबर झालेला करारनामा वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होता, एक लाख बेचाळीस हजारांचा, आणि त्यावर दुय्यम निबंधकांचा शिक्का कुठेच नव्हता. वकीलबाईंनी समजावून सांगितलं, की डिसेंबर १९८५ पर्यंत असा करारनामा पाच रुपयांच्या स्टॅम्पवर चालायचा. त्यानंतर कायदा बदलला आणि ताबा देणाऱ्या कराराला खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागू झालं. पण लोकांच्या आणि बिल्डरांच्या सवयी बदलायला पुढची पाच-सात वर्षं गेली. त्या काळातल्या कितीतरी घरांची हीच गत आहे. बाबा फसवले गेले नव्हते, ते बाकी सगळे करत होते तेच करत होते. पण आता घेणारा माणूस कर्ज काढणार, त्याच्या बँकेचा वकील मालकीच्या कागदांचा मागच्या तीस वर्षांचा सर्च घेणार आणि पहिल्याच कागदावर अडणार.

थकलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड असतो. १९८७ पासूनचा हिशोब मी कागदावर मांडायला घेतला आणि सोडून दिला. आमचं नशीब की त्याच हिवाळ्यात सरकारने मुद्रांक शुल्काची अभय योजना आणली. १ डिसेंबर २०२३ पासून पहिला टप्पा सुरू झाला. १९८० ते २००० मधल्या दस्तांना, कमी पडलेलं शुल्क एक लाखाच्या आत असेल तर, या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही माफ. अट इतकीच की दस्त साध्या कागदावर नको, कसल्या तरी स्टॅम्प पेपरवर हवा. बाबांचे ते वीस रुपये असे कामी आले. जानेवारीत ठाण्याला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, दोनदा त्रुटी निघाल्या, त्या पुऱ्या केल्या आणि दस्त शिक्क्यासह परत हातात आला. मग वकीलबाईंनी एक घोषणापत्र तयार करून, जुना करारनामा त्याला जोडून, त्याची नोंदणी करून घेतली.

दुसरी गाठ वारसांची. बाबा गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून आईच्या नावे शेअर सर्टिफिकेट केलं होतं, आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो की घर आईचं झालं. नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालकी वारसांची, हे वाक्य त्या वर्षात मी इतक्या जणांकडून ऐकलं की आता कोणी नॉमिनेशन केलंय म्हणालं तरी मी पुढचं आपोआप बोलते. आईने स्वतःनंतरचं नॉमिनेशन केलंच नव्हतं. त्यामुळे सोसायटीच्या फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, हरकती मागवायच्या, आम्हा दोघांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र. ती नोटीस छापून आली त्या सकाळी मी चहा घेत पेपर उघडला. बोअरवेलची जाहिरात, हरवलेल्या गुणपत्रिकेची सूचना, आणि त्यांच्या मधोमध दीड इंचात आईबाबांची नावं, दोन्हींच्या आधी 'कै.'. त्या पानाची घडी अजून माझ्या पर्समध्ये आहे, कशासाठी ते सांगता येणार नाही.

हरकत कोणाची आली नाही. एप्रिलमध्ये शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला आमची दोघांची नावं चढली.

कागद मार्गी लागत होते तोवर भिंतीचं काय करायचं, यावर भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, तीन लाख घालून स्वयंपाकघर मॉड्यूलर करू, कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट टाकू, ट्रॉल्या लावू, किंमत पाच लाखांनी वाढेल. मी म्हटलं, घेणारा आपल्या आवडीचं स्वयंपाकघर करून घेईल. आपण पाणी थांबवू, बाकी काही नको. "अगं ताई, भिंतीच्या आतलं कोण बघतं?" तो म्हणाला. मी त्याला फुटलेल्या फुग्याची गोष्ट सांगितली, दुसऱ्यांदा.

प्लंबर मात्र या वेळी भला भेटला. साठीचा, कमी बोलणारा माणूस. भिंत बघितली, छत बघितलं, आणि हातोडी न काढताच म्हणाला, "वर पाणी भरून बघू. नीळ आहे का घरात?" पद्धत साधी आहे. वरच्या बाथरूमची नहाणी कापड कोंबून बंद करायची, चार बोटं पाणी साठवायचं, त्यात नीळ घालायची आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवायचं. गळती तिथलीच असेल तर खाली निळा ओघळ दिसतो. पण त्यासाठी वरच्यांची परवानगी लागणार. चौदा वर्षांनी त्या दाराची बेल मी दाबली.

काकूंनी दार उघडलं, मला बघून क्षणभर थांबल्या. मी चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाल बाई. एकदाचं होऊन जाऊ दे. मी लेकीकडे जाते आंघोळीला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर पाणी जसंच्या तसं होतं, निळंशार. आमच्या छताला एक ठिपका नाही. प्लंबरने आणखी एक रात्र ठेवायला सांगितलं. तेव्हाही काही नाही. मग त्याने काकूंच्या खिडकीतून रबरी नळी बाहेर काढली आणि बाहेरच्या भिंतीवर पाणी सोडलं. मार्चचं कडकडीत ऊन. पाऊण तासात आमच्या बेडरूममध्ये श्रीलंका उगवली. मी खाली कंपाऊंडमध्ये जाऊन मान वर केली, तर आमच्या आणि काकूंच्या मजल्याच्या सांध्यावर, बिडाच्या पाइपाच्या मागे, पिंपळाचं रोप. हातभर उंच, पानं चकचकीत. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याच्याखालून ये-जा करत होतो. त्याच्या मुळांनी प्लास्टर फाकवलं होतं, पाइपाचा सांधा सरकवला होता, आणि पावसाचं पाणी त्या फटीतून स्लॅबच्या कडेने सरळ आमच्या छतात उतरत होतं.

खालच्या लोण्याचं कारण आणखी लाजिरवाणं निघालं. आमच्याच बाथरूमच्या भिंतीत गाडलेला सदतीस वर्षांचा लोखंडी जी.आय. पाइप गंजून चाळणी झाला होता. म्हणजे वरचं पाणी सोसायटीचं आणि खालचं आमचं स्वतःचं. काकांचं एक थेंबही नव्हतं.

हे काकूंना सांगायला मी त्याच संध्याकाळी वर गेले. सांगून झाल्यावर त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस हजार गेले होते तेव्हा. ह्यांनी पी.एफ.मधून काढले होते." मी काय बोलणार? माफी मागितली, ती बाबांच्या वतीने होती की माझ्या, कोण जाणे. "चहा टाकते," म्हणून त्या उठल्या.

आता दुरुस्ती. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची भिंत, पावसाचं पाणी, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, आणि घरातल्या संडास-मोरीची गळती ज्याची त्याने. हे मी सेक्रेटरींना पान दाखवून सांगितलं. ते म्हणाले, पान बरोबर आहे, पण फंडात पैसे नाहीत. शिवाय दहा वर्षांपासून पुनर्विकासाचं गुऱ्हाळ चालू आहे, आता भिंतीवर कशाला खर्च करायचा, असा एक मोठा पक्ष. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला हवं, तेही शेवटचं कधी झालं ते कोणाला आठवेना. दोन मीटिंगा झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्याही छताला ओल होती, तिसऱ्यावर काकू, अशा आम्ही तिघी एकत्र आलो तेव्हा कुठे ठराव झाला. तळमजल्यावरचे एक काका शेवटपर्यंत म्हणत होते, "माझ्याकडे गळत नाही, मी का वर्गणी देऊ?"

परांची बांधली गेली. पिंपळ नुसता उपटून चालत नाही, भिंतीत राहिलेल्या मुळातून तो पुन्हा फुटतो. म्हणून प्लास्टर फोडून, बोटभर जाडीची मुळं दोन फूट आतपर्यंत माग काढत काढली, केमिकल भरलं, बिडाच्या पाइपाच्या जागी पी.व्ही.सी. आला, वर दोन थरांत वॉटरप्रूफ प्लास्टर.

आमच्या बाथरूमचं काम मी एका ठेकेदाराला दिलं होतं, बारा दिवसांच्या बोलीवर. जुन्या टाइल्स, खालचा कोबा, नहाणी ट्रॅप, सगळं स्लॅबपर्यंत काढायचं, सी.पी.व्ही.सी. पाइप टाकायचे, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करून त्यावर पाणी साठवून बघायचं आणि मगच टाइल्स. फोडण्याचं काम तीन दिवसांत झालं. लिफ्ट नसल्यामुळे रॅबिट, म्हणजे फोडलेला राडारोडा, गोणीत भरून डोक्यावरून खाली. एकशे चाळीस गोण्या झाल्या. तेवढ्याशा मोरीत एवढा डोंगर मावत होता यावर माझा विश्वास बसेना. दुपारी एक ते तीन ठोकाठोक बंद, जिना रोज झाडून द्यायचा, असे सोसायटीचे नियम, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला तळमजल्यावरचे तेच काका खुर्ची टाकून बसलेले.

चौथ्या दिवशी कामगार गायब. टाइल्सवाले आणि गवंडी पश्चिम बंगालमधल्या मालद्याचे होते, लोकसभेचं मतदान तिकडे ७ मे रोजी, सगळे गावी गेले. ठेकेदार म्हणाला, आठ दिवसांत येतील. घर उघडं पडलेलं, दाराजवळ सिमेंटच्या गोण्या, आणि पाऊस महिन्याभरावर. मी रोज फोन करायचे. शेवटी त्याने फोन उचलणंच बंद केलं, आणि मग मला कळलं की मी साठ टक्के पैसे देऊन बसले होते आणि काम झालं होतं पंचवीस टक्के. माणूस लबाड होता असं म्हणवत नाही, त्याने चार कामं एकदम घेतली होती आणि माझे पैसे तिसऱ्याच कोणाच्या टाइल्समध्ये घातले होते. पण हिशोब हिशोबाच्या जागी. पुढे मी मजुरी आठवड्याची आठवड्याला आणि माल माझा मी दुकानातून, असं केलं. नाक्यावरून दुसरा गवंडी मिळाला तो प्लंबरच्या ओळखीने. मे महिन्याचे सगळे शनिवार-रविवार मी त्या धुळीत पाटावर बसून काढले. कोब्यावर पाणी भरून दोन दिवस ठेवलं तेव्हा रात्री झोप आली नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना दर चार तासांनी फोन, "काही दिसतंय का हो?"

काही दिसलं नाही. बाथरूमला एक लाख पंच्याऐंशी हजार लागले, बोलीपेक्षा साठ हजार जास्त. सोसायटीच्या कामाची वर्गणी वेगळी.

आणि मग मी असा निर्णय घेतला की ज्याबद्दल एजंट आणि भाऊ दोघेही माझ्यावर वैतागले. लोण्याची भिंत विटेपर्यंत खरवडून, नुसतं प्लास्टर करून, बिनरंगाची ठेवली. एक पावसाळा जाऊ द्यायचा. ओल सुकायला वेळ लागतो, ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, क्षार बाहेर पडणारच. जून, जुलै, ऑगस्ट, दर आठवड्याला मी त्या कोपऱ्याचा एकाच जागेवरून फोटो काढायचे. श्रीलंका आली नाही. ऑगस्टअखेर भिंतीला गाल लावून बघितला, कोरडी. रंग सप्टेंबरमध्ये लावला, साधाच.

मग घर दाखवायला काढलं ते उघड्या फाईलनिशी. येईल त्याला मी आधी ओलीचे फोटो दाखवायचे, पिंपळाचा, गंजलेल्या पाइपाचा, तीन महिन्यांच्या कोरड्या कोपऱ्याचा. एजंट कपाळाला हात लावायचा. दोन-तीन जण फोटो बघून पळालेही. जागेचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही, जमीन कागदोपत्री मूळ मालकाच्या नावावर आहे, सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करायला हवा, हेही सांगायचे. कोणी विचारण्याआधी सांगितलं की घासाघीस फार लांबत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. एका पार्टीने "व्हाइट किती, ब्लॅक किती" विचारलं, त्यांना पाणी देऊन वाटेला लावलं.

घेतलं ते एका तरुण जोडप्याने, बावन्न लाखांना, सगळे चेकने. बाई शाळेत शिक्षिका. आमच्याकडे मुद्रांक शुल्क सात टक्के, पण दस्त फक्त बाईच्या नावाने केला तर एक टक्का कमी. नवऱ्याचं नाव आत आलं की सवलत गेली. त्या दोघांत यावर आमच्या हॉलमध्येच थोडी कुजबुज झाली आणि दस्त तिच्या एकटीच्या नावाने ठरला. बावन्न हजार वाचले. नोंदणी फी एक टक्का असली तरी कमाल तीस हजार, त्यामुळे ती तीसच.

घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर म्हणजे टी.डी.एस. त्यावर एजंटने एक अक्कल शिकवली, विकणारे दोघं आहात, प्रत्येकी सव्वीस लाख, पन्नास लाखांच्या आत, कापायला नको. आमच्या सी.ए.ने तिथल्या तिथे थांबवलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकणारे-घेणारे कितीही असोत, एकूण किंमत धरायची असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणून घेणाऱ्यांनी एक टक्का कापला, आणि आम्हा दोघांसाठी वेगवेगळे दोन २६क्यूबी फॉर्म भरले. नफ्यावरच्या कराचं गणितही त्याच वर्षी बदललेलं होतं, २३ जुलैपासून साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाविना. जुन्या घराला वीस टक्के निर्देशांकासह हाही पर्याय होता. खरेदीची किंमत म्हणून धरायला व्हॅल्युअरने घराची २००१ ची किंमत सहा लाख काढली. निर्देशांक ३६३ धरून वीस टक्क्यांनी सहा लाखांच्या थोडं वर येत होतं, साडेबारा टक्क्यांनी पावणेसहा. मला वाटलं होतं निर्देशांकच फायद्याचा ठरेल. भावाने आपल्या वाट्याचा नफा बेंगळुरूच्या नव्या घरात घालायचं ठरवलं, मी कर भरून मोकळी झाले. दुरुस्तीतला रंगाचा आणि डागडुजीचा खर्च नफ्यातून वजा होत नाही हे कळलं तेव्हा त्या पहिल्या अडतीस हजारांची आठवण पुन्हा एकदा टोचली.

शेवटचा अडथळा सोसायटीचाच. उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला लागत नाही, पण घेणाऱ्याच्या बँकेला तो बँकेच्याच नमुन्यात हवा होता. कमिटीने आधी इमारत निधीला एक लाखाची 'स्वेच्छा देणगी' सुचवली. मी ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाची प्रत नेली होती, हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे ट्रान्सफर फीची, कमाल मर्यादा पंचवीस हजार. सेक्रेटरींनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नव्हते."

जानेवारी २०२५ मध्ये कल्याणला नोंदणी झाली. भाऊ आदल्या रात्रीच्या विमानाने आला होता. टोकन घेऊन तीन तास बाकावर बसलो, आत जाऊन फोटो आणि अंगठे द्यायला दहा मिनिटं लागली. एका साक्षीदाराचं आधार कार्डावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळेना म्हणून ऐनवेळी काकूंच्या जावयाला फोन करून बोलावलं. तो ऑफिस अर्धवट टाकून आला. बँकेचे पैसे यायला आणखी बारा दिवस गेले आणि तोवर किल्ली आम्ही हातातून सोडली नाही, वकीलबाईंची सक्त ताकीद होती.

किल्ली दिली त्या दिवशी काकूंना सांगायला वर गेले. त्यांनी डबा तयारच ठेवला होता, चकल्या. दिवाळी होऊन तीन महिने झाले होते.

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या मालकीणबाईंचा फोन आला. नंबर बघून पोटात गोळा. म्हणाल्या, "ताई, आपली भिंत कोरडी आहे हं, तसं काही नाही. पण खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आलीये, म्हणतात पाणी आमच्याकडूनच येतंय. चांगल्याच चिडल्यात. हे म्हणतायत सरळ सांगून टाक, आमचं नाही म्हणून. काय करू?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "घरात नीळ आहे का?"